टाईटचं पान

नाना, उत्तर मिळालं होतं.

बुधवारी दुपारीच मिळालं होतं. जेवणाच्या सुट्टीत जर्मन साहेबानं ते माझ्या हातमोज्यावर मार्करनं लिहून दिलं. तो हातमोजा मी धुवायला टाकला नाही, घडी करून पिशवीत ठेवला. वाटलं, लगेच फोन लावावा. मग म्हटलं, नको. इथं ओमानमध्ये शुक्रवारी सुट्टी असते. शुक्रवारी निवांत लावू. तुम्हाला आधी वही काढायला लावू, चष्मा शोधायला लावू, पेन्सिलीला टोक करायला लावू, आणि मगच सांगू. तुम्ही मला इतकी वर्षं झुलवलंत, एकदा मी तुम्हाला झुलवणार होतो.

शुक्रवारी सकाळी अंघोळ करून फोन हातात घेतला, तर तुमच्या लेकीचा, सुरेखाचाच फोन आला. "भटूदादा, नाना गेले. काल संध्याकाळी. छातीत दुखतंय म्हणाले, पाणी मागितलं, आणि…"

मी जन्माचा घाईखोर. तुम्हीच म्हणायचात की हा पोऱ्या चहा निवायच्या आत जीभ पोळून घेतो. आयुष्यात पहिल्यांदा मी दोन दिवस दम धरला, आणि तेच नेमकं चुकलं. तीन दिवस झाले, हाच एक विचार डोक्यात फिरतोय. म्हणून लिहायला बसलो. सुरेखा म्हणाली, दिवसकार्याला, गंधमुक्तीच्या दिवशी कारखान्यातली माणसं येतील, तुम्ही काही पाठवलं तर मी वाचून दाखवीन. वाचेल ती. पण मी लिहितोय तुम्हालाच. माझं शुद्धलेखन नववीत सुटलं ते सुटलंच, तेवढं सांभाळून घ्या.

वही ज्यांनी पाहिली नाही त्यांना उत्तर म्हणजे काय, ते कळणार नाही. तुमची ती लांबट, पुठ्ठ्याच्या कव्हराची वही. एका पानावर एकच इंग्रजी शब्द, वर मधोमध, भोवती चौकट. खाली त्या शब्दाचे सगळे भाऊबंद. हा 'भाऊबंद' तुमचाच शब्द. आणि चार रकाने: इंग्रजी, जर्मन, मराठी, आणि चौथ्याच्या डोक्यावर नुसतं 'आपली'. म्हणजे अहिराणी.

जर्मन का, असं मीही पहिल्या आठवड्यात विचारलं होतं. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात माणसाला जर्मन कशाला पाहिजे? तर शेठनं प्लॅस्टिकचा दाणा वितळवायची जी मशीन आणली होती, ती तिकडची वापरलेली. तिच्या अंगावरच्या पितळी पाट्या सगळ्या जर्मन. सोबत आलेल्या पुस्तकात डावीकडं इंग्रजी, उजवीकडं जर्मन. मशीनला इंग्रजी येत नव्हतं आणि तुम्हाला जर्मन. तुम्ही इंग्रजी-मराठी डिक्शनरी घेतलीत आणि रविवार-रविवार मेहरूण तलावाच्या कठड्यावर बसून डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला जुळवत गेलात. लोक तिथं फिरायला यायचे, शेंगदाणे खायचे. तुम्ही 'ढिबरी'ला, म्हणजे नटाला, जर्मनीत काय म्हणतात ते शोधायचात. किती वर्षं लागली, असं मी विचारलं तर म्हणालात, "मोजी नही भो. मशीन बी घाईमा नव्हती, मी बी नव्हता."

उच्चार सगळे आपल्या मनाचे. जे लिहिलंय ते वाचायचं, एवढंच आपल्याला ठाऊक. 'गळत नाही असं घट्ट' याला पुस्तकात जो शब्द होता तो तुम्ही 'डिच्ट' वाचलात, आणि अख्खा कारखाना तेच म्हणायला लागला. "डिच्ट झालं का रे?" चटई विणणाऱ्या बायका सुद्धा डब्याचं झाकण लावताना 'डिच्ट' म्हणायच्या.

वहीतलं सगळ्यात भरलेलं पान टाईटचं. एवढासा शब्द, आपल्याकडं शेंबड्या पोराला येतो, आणि त्याला अख्खं पान. टाईट, टाईटन, टाईटली. वॉटरटाईट, एअरटाईट. हँड-टाईट. ओव्हरटाईटन, त्याच्याखाली तांबड्या पेनानं दोन रेघा, त्या माझ्यामुळं. आणि समोर जर्मन रकान्यात प्रत्येकाला वेगळा शब्द. हलू नये असं घट्ट ते 'फेस्ट'. गळू नये असं घट्ट ते तुमचं 'डिच्ट'. पट्टा ताणलेला ते 'स्ट्राफ'. दोन पार्टात जागा कमी ते 'एंग'. नुसत्या हातानं आवळलेलं ते 'हांडफेस्ट'. आवळून झाल्यावर, गरम झाल्यावर, पुन्हा एकदा आवळायचं, त्याला तर वेगळंच लांबलचक नाव. 'टाईट-फिस्टेड', म्हणजे कंजूष, हेही डिक्शनरीतून उतरवलं होतंत. पुढं काट मारून लिहिलं होतंत: "गरज नाही. शेठ चांगले आहेत."

मी हसलो तर तुम्ही मला शिकवायला घेतलंत. "इंग्रजले एकच शब्द पुरस. झाकन टाईट, पट्टा टाईट, चड्डी टाईट, टाईम बी टाईट. जर्मन तसा नही. तो इचारस, कसं टाईट? पानी गयाले नको असं, का हालाले नको असं, का तानेल पाहिजे असं? आन चौथा रकाना देख. आपली भाषा बी तशीच शे. घट, तंग, गच, तानेल. आपुन बी मोजीमापीसनच बोलतस. आपलेच ठाऊक नही."

शाळेत मास्तरांनी मला एकच सांगितलं होतं, की माझी भाषा गावंढळ आहे, ती वर्गाबाहेर ठेवून यायची. तुम्ही तिला जर्मनच्या शेजारी बसवलंत. एकाच पानावर, एकाच उंचीच्या चौकोनात. त्या दिवशी मला काय वाटलं ते मी तुम्हाला कधी बोललो नाही.

आणि बोललो नाही असं दुसरंही आहे. ते तर बोलायलाच पाहिजे होतं.

मी कामाला लागून महिना झाला होता. त्याच्याआधी रावेरला केळीच्या गाड्या भरायचो. तेवीस वर्षांचा, लग्न झालेला, आणि हातात कला म्हणाल तर घड उचलायची. तुम्ही सकाळी मशीन गरम करायला लावलीत, मला म्हणालात, "बठ. काही करू नको," आणि स्टोअरमध्ये गेलात. मी बसलो. पाच मिनिटांत मशीनच्या डोक्याच्या जोडातून वितळलेला दाणा पाझरायला लागला. थोडासाच, मेणबत्तीसारखा. पण मला वाटलं, आता सगळं सांडेल, आग लागेल, मला हाकलतील. मी मोठा पाना घेतला. नट हलेना. मग आठवलं. रावेरला ट्रकवाले चाकाचे नट आवळताना पान्याला लांब पाईप लावतात. मी पाईप शोधला, लावला, आणि अंगाचा सगळा भार टाकला.

'टक्' असा आवाज झाला. फार मोठाही नाही. सुपारी फुटावी तसा.

नटासकट स्टडचा, आट्यांच्या दांड्याचा, तुकडा पान्यात राहिला, आणि बाकीचा मशीनच्या पोटात.

तुम्ही आलात. माझ्याकडं बघितलं नाही. आधी हीटर बंद केलेत. मग तो पाईप उचललात आणि दाण्याच्या गोण्यांमागं सारलात. तेवढ्यात शेठ आले. "कोणी केलं हे?" आणि तुम्ही हात पुसत पुसत म्हणालात, "मन्हा हातखाल तुटना, शेठ. उमर व्हयनी आते, अंदाज चुकना."

तुमच्या हातचा अंदाज चुकला! पंधरा वर्षांत ज्या माणसानं त्या मशीनचा एक नट वाकवला नव्हता, तो माणूस माझ्यासाठी म्हातारा झाला. आठ दिवस मशीन बंद. लेथवर नवीन स्टड काढून आणेपर्यंत कारखान्यातलं पोरसोर तुम्हाला म्हणायचं, "नाना, चष्मा बदला." तुम्ही हसायचात. मी खाली मान घालून झाडू मारायचो.

मला तुम्ही फक्त एक वाक्य ऐकवलंत, संध्याकाळी चहाच्या टपरीवर. "भटू, तू नट नही आवळी राह्यंता. तू तुन्ही भीती आवळी राह्यंता."

मग पुस्तक काढलंत. जोड थंड असताना थोडा पाझरतोच. आधी नट हातानं लावायचे, हांडफेस्ट. मग मशीन पूर्ण गरम होऊ द्यायची. लोखंड फुगतं, जोड आपणहून बसतो. मग समोरासमोरचे नट थोडे थोडे, पाव फेरा, पुन्हा आवळायचे. पाईप लागतच नाही. लागतं ते थांबणं. आणि तुमची थांबायची जागा ठरलेली होती, दाण्याचा उलटा केलेला निळा ड्रम. मशीन तापेपर्यंत तुम्ही त्याच्यावर बसायचात, दोन्ही हात मांडीखाली घेऊन. मी उठलो की म्हणायचात, "बठ." तोंडावर नाराजी नाही, काही नाही. नुसतं "बठ."

आता रेघेचं सांगतो, कारण ती इथं येऊन पोचली आहे.

ती मशीन जर्मनीहून आली तेव्हा तिच्या नटांवर जुन्या लाल रंगाचे ठिपके-रेघा होत्या, खपल्या निघालेल्या. शेठ म्हणाले, घासून टाका, रंग देऊ. तुम्ही म्हणालात, थांबा. पुस्तकात त्या रेघांबद्दल एक अक्षर नव्हतं. ना डावीकडं, ना उजवीकडं. तुम्ही महिनोन्‌महिने नुसतं बघत राहिलात. मग एक दिवस दिसलं की एका ढिल्या झालेल्या नटावरची रेघ मोडली आहे. अर्धी नटावर, अर्धी लोखंडावर, आणि मध्ये खाच. तेव्हा तुम्हाला कळलं. नट आवळून झाला की नटावरून खालच्या लोखंडापर्यंत एक सरळ रेघ मारायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ मोडते, लांबून दिसतं. ज्याला शब्दच नव्हता त्याचं तुम्ही भाषांतर केलंत, नाना.

त्यासाठी लागणारा रंग जळगावात मिळेना. मग सुरेखाचं नेलपॉलिश. तिची बाटली संपली की तुम्ही स्वतः फुले मार्केटात जायचात. दुकानदार विचारायचा, "नाना, या वयात कोनासाठे?" तुम्ही म्हणायचात, "जर्मन शे. तिले लालच आवडस."

आणि नियम कडक. ज्यानं आवळलं त्यानंच रेघ मारायची. म्हणजे तो त्या नटाचा धनी. आणि रेघ मारल्यावर ती वाळेपर्यंत जागचं उठायचं नाही, बसून राहायचं. दोन वर्षं तुम्ही मला बाटली दिली नाहीत. मी आवळायचो, शेवटचा पाव फेरा तुम्ही द्यायचात, म्हणून रेघही तुम्हीच मारायचात. मग एका सकाळी बाटली माझ्या हातात ठेवलीत आणि चहाला निघून गेलात. पहिली रेघ सापासारखी आली. मला वाटलं, पुसायला लावाल. तुम्ही परत येऊन वाकून बघितलंत आणि म्हणालात, "वाकडी शे, पन तुन्ही शे."

आपलं भांडण एकच होतं, आणि ते तुम्ही अर्धवट टाकून गेलात. सतरा नंबरच्या फॉर्मचं.

तुम्ही स्वतः चाळिशीत तो फॉर्म भरून बाहेरून दहावी झालात, सुरेखाच्याच वर्षी. तिला तुमच्यापेक्षा जास्त मार्क पडले, आणि पेढे मात्र तुमच्या नावानं वाटले गेले, हे ती आजही बोलून दाखवते. मला म्हणायचात, तू पण भर. मी म्हणायचो, मिसरूड न फुटलेल्या पोरांसोबत बाकावर बसू का? तुम्ही म्हणायचात, "बाक लाकडाना ऱ्हास. त्याले उमर समजत नही."

एकदा तर तुम्ही मला एसटीत घालून धुळ्याला नेलंत, माझ्या जुन्या शाळेतून दाखला काढायला. स्टँडवर उतरलो, रिक्षा केली, शाळेच्या गेटापर्यंत आलो. आतून तासाची घंटा झाली. आणि मी रिक्षातून उतरलोच नाही, नाना. ज्या वर्गातून मला उठवून लावलं होतं त्याची खिडकी दिसत होती. मी म्हटलं, "नाना, मला नाही जमणार." तुम्ही रिक्षा परत फिरवलीत, स्टँडवर दोन प्लेट भजी घेतलीत, आणि जळगावपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसलात. मला वाटलं, तुम्ही माझा नाद सोडला.

नाद सोडला नव्हता. मी ओमानला निघालो तेव्हा जळगाव स्टेशनवर तुम्ही मला दोन वस्तू दिल्यात. अख्ख्या वहीची झेरॉक्स, स्पायरल लावून, आणि नेलपॉलिशची नवी बाटली. मुंबईच्या विमानतळावर तपासणीवाल्या बाईनं ती बाटली वर धरून विचारलं, "बायकोसाठी?" मी घाबरून खरं तेच सांगितलं, "नाही मॅडम, मशीनसाठी." तिनं शेजारणीकडं बघितलं, आणि दोघी कितीतरी वेळ हसत होत्या.

चार वर्षं झाली. दर फोनला तुमचे प्रश्न तेच. जेवतो का, बायको-पोरांना फोन करतो का, सतरा नंबर? मी म्हणायचो, बघू. आणि गेल्या महिन्यात मी सांगितलं की आमच्याकडं नवी मशीन येतेय, ती बसवायला जर्मन माणूस येणार आहे, तेव्हा तुम्ही फोनवरच उठून बसलात. कॉट करकरली, मला ऐकू आलं. "मंग त्याले इचार! मन्हं एक खानं रिकामं शे."

टाईटच्या पानावरचा शेवटचा चौकोन. सिट टाईट. डिक्शनरीत तुम्हाला अर्थ सापडला होता, 'दम धरून जागेवर बसून राहणे'. 'आपली'च्या रकान्यात तुम्ही लिहून टाकलं होतंत, "बठ". पण हा शब्द मशीनच्या पुस्तकात कुठं नव्हता, म्हणून जर्मन रकाना रिकामा. तिथं बारीक पेन्सिलीनं: "कोणी जर्मन भेटल्यास विचारणे." मेहरूणच्या माणसाला जर्मन कुठं भेटणार होता? तरी तुम्ही जागा ठेवली होतीत.

साहेब आला. पन्नाशीचा, उंच, घामेजलेला. मी पहिल्या दिवशी धीर करून तुमची जर्मन बोललो. पण नाना, आपल्याला येतात ती सगळी पाट्यांची वाक्यं! सकाळी भेटला तर मी काय म्हणालो असेन? "लक्ष द्या! गरम पृष्ठभाग!" तो दचकून मागं सरला. मग हसत सुटला. इंग्रजीत म्हणाला, तुम्ही मशीनवरच्या पाटीसारखे बोलता, माझ्या वडिलांच्या काळच्या पाटीसारखे. मला वाटलं, माझी लाज गेली. पण दुपारी त्यानं आमच्या जुन्या मशीनवरची लाल रेघ बघितली आणि तो हसायचा थांबला. बोट फिरवलं. विचारलं, कोणत्या शाळेत शिकलात हे? आमच्याकडं कारखान्याच्या शाळेत पहिल्या वर्षी शिकवतात.

मी म्हटलं, "जळगाव. एमआयडीसी. नाना."

मग सगळं सांगितलं. खपल्या निघालेल्या रेघा, तुमचं बघत बसणं, फुले मार्केट. तो पुन्हा रेघेवर वाकला. मग म्हणाला, आमच्यातल्या कुणीतरी त्या रेघा मारून मशीन विकायला पाठवली असेल. त्याला कधीच कळणार नाही की त्या कुणी वाचल्या. त्यानं मोबाईल काढला आणि माझ्या रेघेचा फोटो काढला. वाकड्या नाही हो, आता सरळ येतात.

आणि हे तर मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं, कारण तुम्ही 'येडा' म्हणाला असतात. इथं त्या रेघेला 'नाना' म्हणतात. मी पहिल्या वर्षी सगळ्यांना सांगायचो की हे नानांचं काम आहे, तर बंगाली, पाकिस्तानी, इथले ओमानी, सगळ्यांना वाटलं रेघेचंच नाव नाना. आता मशीन सुरू करायच्या आधी सुपरवायझर ओरडतो, "नाना लगाया?" आणि चारी कोपऱ्यांतून आवाज येतो, "लगाया!" शुक्रवारनंतर शनिवारी कामावर गेलो, तेव्हाही त्यानं तसंच विचारलं. चारी कोपऱ्यांतून उत्तर आलं. मग मीही म्हटलं, "लगाया."

तर ते उत्तर. मी साहेबाला विचारलं, सिट टाईटला तुमच्यात काय म्हणतात? तो म्हणाला, नुसता शब्द सांगून चालत नाही. कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय? हुबेहूब तुमच्यासारखंच, नाना. कसं टाईट? मग मी त्याला तुटलेल्या स्टडची गोष्ट सांगितली. दहा वर्षांत पहिल्यांदा कुणाला सांगितली. पाईप, गोण्या, शेठ, निळा ड्रम, 'बठ'. त्यानं डबा बाजूला ठेवला, माझा हातमोजा ओढून घेतला आणि लिहिलं. आबवार्टन. म्हणाला, व्हायचंय ते होईपर्यंत थांबायचं, पण जागेवरून हलायचं नाही. तुमचे नाना हेच म्हणत होते.

शब्द ओळखीचा वाटला. शिफ्ट सुटल्यावर खोलीवर येऊन झेरॉक्स काढली, आणि टाईटचं पान सोडून पुढं उलटत गेलो. शेवटून तिसरं पान, 'वेट'चं. वेट, वेटिंग, वेटिंग टाईम. खाली मशीनच्या पुस्तकातली ओळ, तुमच्या अक्षरात: गरम व्हायची वेळ होईपर्यंत थांबणे. जर्मन रकान्यात तोच शब्द, आबवार्टन. आणि 'आपली'च्या रकान्यात एकच अक्षरजोड. बठ.

तुमच्याकडं होता तो, नाना! तुम्ही स्वतःच्या हातानं लिहून ठेवला होतात. इंग्रजीनं त्याला दोन वेगळ्या पानांवर टाकला, म्हणून तुम्हाला दिसला नाही. पण आपल्या भाषेत तुम्ही दोन्हीकडं तेच लिहिलं होतंत. जर्मन साहेब नसता आला तरी चाललं असतं. हे सांगायला मी शुक्रवारची वाट बघत होतो.

शनिवारी शेठचा फोन आला, तुमच्याबद्दल बोलायला. मी त्यांना सांगून टाकलं, तो स्टड मी तोडला होता. ते म्हणाले, "मला त्याच दिवशी माहीत होतं रे. पाना बघितला, त्याच्यावर पाईपचे ओरखडे होते. नाना पान्याला पाईप लावणाऱ्यातला माणूस होता का?" मग म्हणाले, "पण तो म्हणाला माझ्या हातानं, तर म्हटलं, या पोराला ठेवायला पाहिजे."

आणि काल सुरेखाचा फोन. तिला मी वही नीट सांभाळून ठेव म्हटलं होतं. ती म्हणाली, "दादा, मागच्या कव्हराच्या आत काहीतरी चिकटवलंय, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तुमचं नाव आहे." मी म्हटलं, वाच. तिनं वाचलं. माझ्या शाळेचा दाखला. नववीत शाळा सोडल्याचा.

मग तिनं सांगितलं, धुळ्याहून परत आलो त्याच्या पुढच्याच आठवड्यात तुम्ही पुन्हा तिकडं, माझ्या गावाला गेला होतात. माझ्या वडिलांना, आबांना सोबत घेऊन शाळेत गेलात आणि दाखला काढून आणलात. आबाही मला बोलले नाहीत, तुम्ही शपथ घातली होतीत म्हणे. मी सुरेखाला विचारलं, मग मला दिला का नाही? ती म्हणाली, "आणला ते ठाऊक होतं, कुठं ठेवला ते नव्हतं. मी पण तेव्हा विचारलं होतं. तर म्हणाले, भटू सोता मांगई, तव्हय दिसू." मी मागेन तेव्हा देणार होतात.

इतकी वर्षं, नाना. दर फोनला 'सतरा नंबर?' विचारून, मी 'बघू' म्हटल्यावर गप्प व्हायचात. दाखला घरात होता. पाईप लावला असतात तर मी तुटलो असतो, हे तुम्हाला ठाऊक होतं.

इथं नव्या मशीनवर मला हेड फिटर करायचं महिन्यापासून चाललंय. साहेबानंही जाताना तसं लिहून दिलंय. कंपनी म्हणते, दहावीचा कागद आण. महिनाभर ह्याच भीतीनं मला झोप नव्हती. सुरेखा म्हणाली, दाखला कुरिअर करू का? मी म्हटलं, नको. जिथं आहे तिथं राहू दे. सुट्टीवर येतो, तुझ्या हातून मागून घेतो, आणि फॉर्म भरायला धुळ्याला जातो. ह्या वेळी गेटाच्या आत.

वहीतला चौकोन मात्र मी तिला भरू दिला नाही. मी पण भरणार नाही. ज्यानं आवळलं त्यानंच रेघ मारायची, आणि तो शब्द तुमचाच होता. मी एवढंच केलं, स्पायरल सोडवून झेरॉक्सची ती दोन पानं काढली, टाईटचं आणि वेटचं, कपाटाच्या दारावर एकमेकांना भिडवून चिकटवली. रिकाम्या चौकोनापासून निघून शेजारच्या पानावरच्या तुमच्या अक्षरापर्यंत एक लाल रेघ मारली. स्टेशनवर दिलेल्या बाटलीतली शेवटची. दोन्ही पानांवरून, सलग.

ही रेघ तेवढी माझी. तुमचं सगळं आवळून झालं होतं.

बसलो आहे, नाना. हात मांडीखाली आहेत. रेघ वाळतेय.